खाजणातल्या कार्बनचा सातबारा

वाचक विचारतात

मागच्या अंकात याच पानावर एक छोटी चौकट होती. किनाऱ्यावरची खारफुटी, समुद्रतळाचं गवत आणि खाऱ्या दलदली हवेतला कार्बन ओढून पायाखालच्या चिखलात साठवतात, त्याला ‘ब्लू कार्बन’ म्हणतात. त्यात पैसे घालायला जगभरचे फंड उत्सुक आहेत, पण बहुतेक देशांची तयारी नाही, एवढाच तिचा मजकूर. सांगलीला समुद्र नाही, तेव्हा विषय चौकटीतच संपेल असं संपादकांना वाटलं होतं. पत्रांवरून तसं दिसत नाही. कोकणात एखादी सोयरीक नाही असं घर आपल्याकडे सापडणं अवघडच. मी शास्त्रज्ञ नाही, हे उत्तरं वाचताना ध्यानात असू द्या. माझी नोकरी बँकेत शेतीकर्जं बघण्यात गेली, त्यातली काही वर्षं गुहागर-दाभोळ भागात. झाडाआधी मला त्याचा कागद दिसतो, तो या सवयीमुळे.

प्रश्न : माझ्या मावसभावाची पेण तालुक्यात खारजमीन आहे. बांध फुटला, उघाडी (भरतीचं पाणी अडवणारी बांधातली झडप) मोडली, दुरुस्ती झालीच नाही. आता शेतात भरतीचं पाणी येतं आणि तिवरं (खारफुटीची झाडं) माजली आहेत. भात बंद. मध्यंतरी एक गृहस्थ आले. म्हणाले, झाडं तशीच राहू द्या, कार्बनचे पैसे मिळतील. तीस वर्षांच्या करारावर सही करा. एकरी आगाऊ रक्कमही देतो म्हणतात. सही करावी का? — एक शिक्षिका, कराड

नको, ताई. निदान तो कागद एखाद्या चांगल्या वकिलाने वाचेपर्यंत तरी नको.

ते गृहस्थ नेमकं विकणार काय, ते आधी बघू. जमीन भावाच्या नावावर आहे, पण तिवर तोडायचा हक्क त्याला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातल्या खारफुटीच्या तोडीला मनाई केली, मग जमीन सरकारी असो वा खासगी. २०१८ च्या निकालाने ती आणखी पक्की झाली. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही खारफुटी सगळ्यात कडक वर्गात येते. आता कार्बन क्रेडिट, म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड अडवल्याची विकता येणारी पावती, द्यायचं की नाही हे एका प्रश्नावर ठरतं : हा प्रकल्प नसता तर काय झालं असतं? तोड होणार होती आणि तुम्ही ती थांबवली, तर त्याचे पैसे. उजाड जागी तुम्ही झाडं उभी केली, तर त्याचे पैसे. इथे तोड आधीच बेकायदा आहे आणि झाडं कुणी लावलेली नाहीत. बांध फुटला, भरतीबरोबर बी आलं आणि रुजलं. मग क्रेडिट कशाचं काढणार? तपासायला येणारा माणूस पहिल्याच बैठकीत हे विचारेल.

दुसरं, हिशोब. केनियात गाझी उपसागराच्या काठी ‘मिकोको पामोजा’ नावाचा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. खारफुटी राखून कार्बन विकणाऱ्या जगातल्या पहिल्या गावप्रकल्पांपैकी हा एक. तिथे ११७ हेक्टरवर वर्षाला साधारण ३,००० टनांची क्रेडिट मिळतात, म्हणजे हेक्टरी पंचवीसेक टन. तुमच्या पत्रात क्षेत्र दिलेलं नाही, म्हणून दोन एकर धरतो. फार तर वीस टन झाले. टनाला २५ डॉलर असा चांगला भाव धरला तर ५०० डॉलर, म्हणजे वर्षाला साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. यातून मोजणी, नोंदणी, प्रयोगशाळा, तपासणाऱ्याची फी आणि मध्यस्थाचा वाटा जाणार. एकट्या सातबाऱ्यावर हा धंदा बसत नाही. शंभर-दोनशे हेक्टर एकत्र आले तरच काही हातात पडतं. तरीही कुणी एकरी आगाऊ रक्कम मोजायला तयार असेल, तर तो ती कार्बनसाठी मोजतोय की जमिनीसाठी? पेण मुंबईच्या दारात आहे.

आणि खरी मेख पुढे आहे. समजा दोन वर्षांनी सरकारने बांध दुरुस्त केला, उघाडी बसवली. खारजमिनी राखण्यासाठी आपल्याकडे १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यासाठी खातंही आहे. भरतीचं पाणी थांबलं की तिवरं वाळायला लागणार. मग ‘झाडं तीस वर्षं जिवंत ठेवीन’ हा शब्द मोडला कुणी? करारात लिहून दिलेला असेल तुमच्या भावाने. घेतलेले पैसे परत करायचे का, व्याजासह का, जमिनीवर बोजा चढणार का, इतर हक्कांच्या रकान्यात नोंद होणार का, हे सगळं त्या कागदात बारीक अक्षरांत असेल किंवा मुळीच नसेल. नसेल तर जास्त वाईट.

कराराची मराठी प्रत मागा. प्रकल्प कार्बन प्रकल्पांच्या कुठल्या नोंदवहीत आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय, ते विचारा. खरा प्रकल्प असेल तर तो संकेतस्थळावर कुणालाही दिसतो. आणि भाताचं जे नुकसान झालं ते खारजमीन खात्याकडे लेखी मांडायचं बंद करू नका. कार्बन हे त्याचं उत्तर नाही.

प्रश्न : देशाने ‘गुंतवणुकीसाठी तयारी’ करायची म्हणजे नेमकं काय? पैसा आहे, किनारा आहे, मग सरळ रोपं का लावू नयेत? — महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज

लावतात की! आणि ती मरतात. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत गाजावाजा करून खारफुटी लावली, आणि बहुतेक ठिकाणी ती जगली नाही. कारण साधं. कांदळ या खारफुटीच्या जातीचं शेंगेसारखं लांबट रोप झाडावरच रुजलेलं असतं, ते चिखलात खोचायला दोन सेकंद लागतात आणि फोटोही छान येतो. म्हणून लोक मोकळा, सपाट, ओहोटीला उघडा पडणारा चिखल शोधतात. पण तिथे मुळात झाडं का नव्हती? जागा खोल होती म्हणून. भरतीचं पाणी तिथे झाडाला सोसवेल त्यापेक्षा जास्त वेळ उभं राहतं. शिवाय तोच मोकळा चिखल म्हणजे पक्ष्यांचं ताट आणि कालवं वेचणाऱ्या बायकांची रोजी.

तेव्हा तयारीत पहिलं येतं ते मोजणं. मोजायचं झाडापेक्षा चिखलात जास्त, कारण माल तिथे आहे. हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे चटकन कळेल. जमिनीखालच्या बंद पेवात हवा नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. खारफुटीखालच्या चिखलातही हवा पोचत नाही, म्हणून पडलेली पानं नि मुळं पुरती कुजत नाहीत. त्यांतला कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहतो. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळदीचं काय झालं ते सांगलीने पाहिलं. खाजणात, म्हणजे खारफुटीच्या दलदलीत, उलटं होतं, पाणी काढून घेतलं की माल नासतो. भराव टाकला, कोळंबीचं तळं खणलं, चिखल सुकून भेगाळला, की साठलेला कार्बन वायू होऊन वर निघतो. जुनी दलदल मोडण्याचा तोटा नवी रोपं लावून कित्येक वर्षं भरून निघत नाही, तो यामुळे.

दाभोळ खाडीत एका कॉलेजची मंडळी नमुने घेताना मी काठावर उभा राहून पाहिलंय. ओहोटी लागलेली, तिवराची बोटभर उंचीची श्वासमुळं चिखलातून वर आलेली, त्यांतून पाय टाकायला जागा शोधावी लागत होती. एकाने अर्धगोल पन्हळीसारखी लोखंडी नळी दोन्ही हातांनी दाबत मीटरभर खाली घातली, पिळली आणि ओढून काढली. वर तपकिरी गाळ, वीतभर खाली काळाकुट्ट, आणि सडक्या अंड्याचा वास. तळाशी मुळांच्या तंतूंचा पुंजका होता, बोटांनी ओढला तर अजून तुटत नव्हता. मग पट्टी लावून त्याचे तुकडे कापले, प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, पिशवीवर खोली लिहिलेली. हे तुकडे वाळवून, वजन करून, प्रयोगशाळेत त्यातला कार्बन काढायचा. एका टन कार्बनमागे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड धरायचा. असे नमुने एका खाडीत कितीतरी ठिकाणी घ्यावे लागतात, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच जागी. देशाची तयारी म्हणजे आधी हे कंटाळवाणं काम. त्याला ना फीत कापायला मंत्री येतो ना फोटोग्राफर.

नकाशाच्या बाबतीत आपण तसे मागे नाही. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांच्या अहवालात उपग्रहावरून खारफुटी मोजतं. २०२३ च्या अहवालात देशात सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर, त्यातली महाराष्ट्रात ३१५ च्या आसपास. समुद्री गवताचाही नकाशा झालाय, साधारण ५१७ चौरस किलोमीटर, मुख्यतः पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखाताकडे. वरून हिरवं दिसतं ते मोजून झालं. खालच्या काळ्याचं काम अजून बरंच बाकी आहे.

दुसरी तयारी कागदाची, आणि माझ्या मते हीच अवघड. जागतिक बँकेने २०२३ मध्ये सरकारांसाठी यावर एक आराखडा काढला. त्यात माहिती, कायदा-संस्था आणि वित्त असे तीन खांब आहेत. तिसऱ्याबद्दल सगळे बोलतात, पडतो तो मधला. खाडीकाठचा एक तुकडा घ्या. जमीन महसूल खात्याची. तिच्यावरची खारफुटी वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे. शेजारचा बांध खारजमीन खात्याचा, खाडीतली जेटी मेरिटाइम बोर्डाची, मासेमारी मत्स्य खात्याची, परवानगी किनारा प्राधिकरणाची. आणि कार्बनचा बाजार केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखाली! परदेशी गुंतवणूकदार विचारतो, “मी सही कुणाबरोबर करू?” याचं एका वाक्यात उत्तर ज्या देशाकडे आहे, तो देश तयार. आमच्या बँकेत सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासाचा अहवाल, आल्याशिवाय म्हशीच्या गोठ्यालाही कर्ज मिळत नसे. तिथे कोट्यवधी डॉलरवाला कागद मागतो म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

भारताने पावलं टाकली आहेत. ‘मिष्टी’ योजना २०२३ मध्ये सुरू झाली, पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर खारफुटीचं लक्ष्य. त्याच वर्षी जूनमध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचना निघाली, आणि मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या काही मोजणी-पद्धतींत खारफुटी लागवडीचीही आली. आता ऑस्ट्रेलियाचं बघ. तिथल्या सरकारने २०२२ च्या सुरुवातीला वेगळीच पद्धत मान्य केली : जुना बांध काढा, भरतीचं पाणी आत येऊ द्या, दलदल परत आली की क्रेडिट घ्या. कराडच्या ताईंच्या भावाचं शेत आठवतंय ना? त्याच्याकडे नेमकं हेच झालंय, फक्त अपघाताने आणि एक पैसा न मिळता. बांध बांधायचा की सोडायचा, सोडला तर शेतकऱ्याला काय, हे गावागावाने आणि सरकारने आधी ठरवलं असतं तर आज त्याच्या दारात दलालाऐवजी तलाठी आला असता.

पैशाबद्दल थोडक्यात. कार्बन विकणं हा एकच मार्ग नाही. सेशेल्सने २०१८ मध्ये दीड कोटी डॉलरचा ‘ब्लू बाँड’, म्हणजे समुद्राच्या कामांसाठीचा कर्जरोखा, काढला. बेलिझने २०२१ मध्ये आपलं महागडं कर्ज नव्याने बांधून घेतलं आणि बदल्यात समुद्र राखायचं वचन दिलं. हे छोटे देश आहेत, त्यांना ते जमतं. आपल्यासारख्याने राखणीचा खर्च सरकारी तिजोरीतूनच करावा आणि क्रेडिटची कमाई वरकड समजावी, असं माझं मत. का, ते साताऱ्याच्या पत्राच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : आमच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या वेळीही कार्बन क्रेडिटची भाषा होती. गावाला काही दिसलं नाही. हे तसंच होणार ना? — एक वाचक, सातारा

होऊ शकतं. तेव्हाची क्रेडिट क्योटो या जुन्या जागतिक हवामान कराराखालची. २००८ च्या सुमाराला टनाला वीस युरोपर्यंत भाव चढला होता, २०१२ संपताना तो एका युरोच्याही खाली आला. युरोपात मंदी, माल जास्त, गिऱ्हाईक कमी. पठारावर वारा होता तेवढाच राहिला, भाव मात्र गेला. पवनचक्कीला निदान वीज विकता येते. खाजणाच्या राखणदाराचा पगार क्रेडिटच्या भावावर टांगला, तर मंदीत तो घरी जाणार आणि कुऱ्हाड खाजणात शिरणार. त्यात पवनचक्कीने कोळशाचा धूर एकदा वाचवला की वाचला, खाजणातला कार्बन मात्र तीस-चाळीस वर्षं जागेवर ठेवावा लागतो. चक्रीवादळाने झाडं पाडली तर? म्हणून अशा प्रकल्पांतली काही क्रेडिट न विकता बाजूला ठेवायची पद्धत आहे, बँक बुडीत कर्जासाठी तरतूद करते तशीच.

गावाला काही न दिसण्याचं कारण मात्र भाव नव्हता. गाव करारात नव्हतंच.

प्रश्न : आम्ही विट्याकडचे, गलाईचा धंदा पश्चिम बंगालमध्ये. सुंदरबनात ‘आयला’ वादळानंतर गावातल्या बायकांनी खारफुटीची रोपं लावली, त्यांना मजुरी मिळाली. पैसा परदेशी फंडाचा होता आणि क्रेडिट तिकडच्या कंपन्यांना. हा सौदा बरोबर आहे का? — एक वाचक, दक्षिण २४ परगणा

भाऊ, सोनं गाळून शुद्ध करणाऱ्याला घट कुणाच्या खाती धरायची हे मी सांगायला नको. सौद्यात लबाडीच असते असं मी म्हणणार नाही. ज्याने आधी पैसे घातले, रोपं मरायचा धोका घेतला, त्याला परतावा हवाच. बांध वाचला, मासळी-खेकडे वाढले, तर तो फायदा गावाचाच. पण वाटणी किती, हे कायद्यात नसेल तर ज्याच्या हातात थैली तो ठरवतो.

केनियाने २०२३ मध्ये हवामान कायद्यात दुरुस्ती करून हे लिहूनच टाकलं : जमिनीवरचा कार्बन प्रकल्प असेल तर मागच्या वर्षाच्या कमाईतला किमान ४० टक्के वाटा स्थानिकांना, खर्च वजा जाता. शेवटचे तीन शब्द बँकवाल्याच्या डोळ्यांनी वाचा. खर्च कोण लिहिणार? सल्लागाराची विमानाची तिकिटं कुणाच्या खाती? साखर कारखान्याचा ताळेबंद आयुष्यभर वाचलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. तरीही कायद्यात आकडा आहे म्हणजे भांडायला जागा आहे. पापुआ न्यू गिनीने २०२२ मध्ये नवे कार्बन सौदेच थांबवले, म्हणाले आधी नियम करू. मला हा मार्ग पटतो, जरी त्यात दोन-चार चांगले प्रकल्प खोळंबले असतील.

गाझीत सुरुवातीची कमाई वर्षाला साधारण १२ हजार डॉलर होती. त्यातून पाण्याची सोय झाली, शाळेला पुस्तकं आली, खर्च कशावर करायचा ते गावकऱ्यांनी बैठकीत ठरवलं. रक्कम लहान, पण कुठे गेली ते गावातल्या पोराला दाखवता येतं. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. त्यात क्रेडिट वगैरे काही नाही, तिकिटाचे पैसे त्याच दिवशी हातात.

प्रश्न : ऊस इतका वाढतो, इतका कार्बन ओढतो, आमच्या उसाला ब्लू कार्बन का म्हणत नाहीत? — इस्लामपूर

कारण तो आपण वर्ष-दीड वर्षात तोडून कारखान्याला घालतो. शिवाय वाळव्याला भरती येत नाही. महापूर येतो, तो चालत नाही.

प्रश्न : कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला सोडतात, ते शेवटी दाभोळच्या खाडीत जातं. तिथल्या खारफुटीचा विचार धरण चालवताना कुणी करतं का? — एक निवृत्त अभियंता, पाटण

साहेब, या पत्रांतला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या वाटपाप्रमाणे कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवता येतं. ते पोफळी, अलोरे, कोळकेवाडीतून वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून खाडीला मिळतं. खारफुटीला नुसतं खारं पाणी मानवत नाही. गोडं पाणी किती येतं यावर कुठली जात कुठे वाढेल आणि गाळ किती साचेल हे ठरतं. सिंधू नदीच्या मुखाशी उलटा अनुभव आहे : वरच्या धरणांनी आणि कालव्यांनी गोडं पाणी आणि गाळ अडवला, खाली त्रिभुज प्रदेशातली खारफुटी झडली. तिथे आता लाखो हेक्टरवर कार्बनसाठी पुन्हा लागवड चालू आहे, आणि त्या प्रकल्पाची क्रेडिट २०२२ च्या लिलावात टनाला २५ डॉलरच्या वर गेली.

वाशिष्ठीत मात्र निसर्गाने दिलं त्यापेक्षा जास्त गोडं पाणी येतं, तेही विजेच्या मागणीप्रमाणे, संध्याकाळी जास्त नि रात्री कमी. उद्या दाभोळ खाडीसाठी असा प्रकल्प कुणी मांडला, तर त्याच्या कागदपत्रांत कोयनेच्या विसर्गाचे आकडे लागतील, आणि ते मागायला त्याला आधी सातारा जिल्ह्यात यावं लागेल. तुमच्याकडे जुन्या नोंदी असतील तर जपून ठेवा.